रिकामं दिसलेलं खळं

आमच्या कोळीवाड्याचं खळं सरकारी नकाशावर रिकामं दिसलं, ते माझ्यामुळे. आज हे वाक्य मी सरळ लिहू शकते. तेव्हा ते तोंडातून बाहेर पडायला महिने लागले, आणि पडलं तेही अर्धंच.

खळं म्हणजे मासळी सुकवायची जागा. थळपासून किनाऱ्याने उत्तरेला यायला लागलं की जी कोळ्यांची गावं लागतात, त्यांतलं एक आमचं. गावाचं नाव लिहीत नाही. शेजारच्या काकीने आधीच बजावलं आहे की आमची अब्रू पुस्तकात काढायचीच असेल तर निदान गावाचं नाव तरी घालू नकोस. घरांची शेवटची ओळ आणि सुरूची झाडं यांच्या मधला पट्टा म्हणजे आमचं खळं. दसऱ्यापासून पाऊस येईपर्यंत तिथे बांबू रोवलेले असतात आणि त्यांना आडव्या दोऱ्या बांधलेल्या असतात. या मांडणीला आम्ही वलांडी म्हणतो. एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची. खाली जमिनीवर जवळा पसरलेला, कडेला मांदेली, आणि वर कावळे. पावसाळ्यात वलांड्या उतरवतात आणि त्याच जागेवर होड्या ओढून झावळ्यांनी शाकारून ठेवतात. वर्षाचा एकही महिना ती जागा मोकळी नसते. होळीच्या आधी एक दिवस, आणि कोणाकडे लग्न असलं तर मांडवापुरते दोन दिवस, खळं उचलतात, झाडतात, शेणाने सारवतात. ही गावाची रीत. एरवी भर हंगामात वलांडी उतरवणारी बाई वेडी समजली जाते.

आई त्या खळ्यावर लग्न होऊन आल्यापासून आहे. तिचे बांबू दक्षिणेच्या टोकाला, काकीचे तिच्या शेजारी. वडील गेले तेव्हा मी तिला म्हटलं होतं, मला शाळेत नोकरी आहे, आता उन्हात राबू नकोस. तिने ऐकून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी टोपली घेऊन खळ्यावर गेली. माझ्या पगाराचा भात ती खाते, पण माझ्या पगारावर जगायचं तिने कधी मान्य केलं नाही. खळ्यावर ती कोणीतरी असते. तिथे तिला वारा कळतो, ऊन कळतं, कोणाचा बोंबील आज कच्चा उतरवला हे लांबून कळतं. घरात ती नुसती म्हातारी असते, आणि ते तिला पटत नाही.

माझं मात्र त्या जागेशी कधी जमलं नाही. अलिबागला कॉलेजात असताना बाकावर शेजारी बसलेल्या मुलीने एकदा मला हळूच विचारलं होतं, "तुझ्या डब्यात काय आहे ग?" मी डबा आणलाच नव्हता. त्या दिवसापासून घराबाहेर पडण्याआधी तीन वेळा हाताला साबण लावायची मला सवय लागली. एकदा साध्या साबणाने, एकदा लिंबाच्या सालीबरोबर आणि पुन्हा एकदा साध्या साबणाने. शिक्षिका झाले, केस पिकले, तरी ती सवय गेली नाही. चार गावं पलीकडच्या माझ्या शाळेत निम्मी पोरं कोळ्यांचीच आहेत, तरीही.

कॉलेजातली एक मैत्रीण एकदा आमच्या घरी राहायला येणार होती. मी आईला म्हटलं, दोन दिवस वलांडी उतरव. आईने उतरवली. पुढे मला बघायला पनवेलचे नोकरदार लोक येणार होते, तेव्हाही मी तेच म्हटलं आणि तिने पुन्हा उतरवली. काकी तेव्हा सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाली होती, "पोरीचं लगीन ठरायच्या आधीच मांडव उतरवला ग बाय!" पनवेलकर आले, पोहे खाऊन गेले, आणि परत काही त्यांचा निरोप आला नाही. पुढेही कुठे जमलं नाही. त्याचं मला फारसं दुःख नाही, पण तो दिवस आणि ते झाडून लख्ख केलेलं मोकळं टोक मला चांगलं आठवतं.

आता मोजणीचं सांगते.

किनाऱ्याचा नवा आराखडा होणार आहे आणि त्यासाठी मोजणीची माणसं गावात येणार आहेत, असा कागद ग्रामपंचायतीत आला. भरतीची रेषा कुठवर येते, तिच्यापासून किती अंतरात काय बांधता येईल आणि काय नाही, कोळीवाडा कुठे, होड्या लावायची जागा कुठे, तिवरं कुठे, वाळूच्या टेकड्या कुठे, हे सगळं त्या नकाशावर येणार होतं. या आधीचे नकाशे गावात पाऊल न टाकता वरच्यावर झाले अशी आमची तक्रार होती, आणि ती आम्ही इतकी वर्षं केली होती की शेवटी कोणीतरी ऐकली असावी. आता माणसं प्रत्यक्ष चालत येणार, बघणार, लिहिणार होती. ही चांगलीच सुधारणा होती, आणि तिचा बट्ट्याबोळ करण्याचं काम माझ्यावर आलं.

सरपंचांनी मला बोलावलं. म्हणाले, तुम्ही शिकलेल्या आहात, बायकांना तुम्हीच सांगा, पाहुणे येणार आहेत, गावाचं बरं दिसलं पाहिजे. त्यांनी खळ्याचं नावही काढलं नव्हतं. ते मी काढलं. बायकांना देवळापुढे जमवलं आणि शाळेतल्या आवाजात सांगितलं की साहेब लोक खळ्यावरून चालणार आहेत, तेव्हा वलांड्या उतरवा, जवळा उचला, सारवून घ्या. एक दिवसाचा तर प्रश्न आहे.

"भर हंगामात?" काकी म्हणाली. "होली हाय का कुनाचं लगीन हाय?"

"पाहुणे येणार आहेत, काकी. त्यांच्या नाकात वास गेला तर ते गावाबद्दल काय लिहितील?"

काकी काही तरी बोलणार होती. तेवढ्यात माझी आई उठली, खळ्यावर गेली आणि पहिली दोरी सोडायला लागली. आईने सुरुवात केल्यावर बाकीच्या बायका कुरकुरत का होईना, पण उठल्या. संध्याकाळपर्यंत एकही बांबू उभा राहिला नाही. अर्धे ओले बोंबील टोपल्यांत भरून घराघरात गेले आणि त्यातले बरेच वाया गेले.  

दुसऱ्या दिवशी सकाळी मोजणीची माणसं आली. त्यांच्या प्रमुख एक बाई होत्या, साधारण माझ्याच वयाच्या, देशावरच्या. डोक्याला रुमाल, पायात बूट, हातात फळीला लावलेले कागद. बरोबर दोघेजण यंत्र घेऊन. त्या खळ्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालल्या. सारवलेली जमीन उन्हात अगदी अंगणासारखी दिसत होती. बाई थांबल्या आणि म्हणाल्या, "किती स्वच्छ ठेवलंय हो. आम्ही एवढे किनारे फिरलो, पण असा कुठे बघितला नाही."

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, फार आनंद झाला. "आमच्या बायका करतात," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. पोहे झाले, चहा झाला, आणि त्या पुढच्या गावाला गेल्या. दुपारपासून बायका पुन्हा बांबू रोवायला लागल्या.

पुढचा पावसाळा गेला आणि नकाशाचा मसुदा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागला. मी शाळेतून परस्पर तिकडेच गेले. तिवरं हिरव्या रंगात होती. खाडीच्या तोंडाची छोटीशी तिवराची बेटंसुद्धा सुटली नव्हती. कोळीवाड्याची घरं होती, देऊळ होतं, सुरूचं बन होतं. आणि घरं व बन यांच्यामध्ये एक पांढरा लांबट पट्टा होता. त्यावर काहीच नव्हतं. कडेला बारीक अक्षरात लिहिलं होतं: मोकळी जागा, वापर नाही.

त्याच भिंतीवर शेजारी दुसरा कागद होता. किनाऱ्यावर येणाऱ्या पर्यटकांसाठी सोयी कुठे करता येतील याची ती यादी होती. आमच्या गावापुढे लिहिलं होतं: गाड्या लावण्यासाठी मोकळी जागा उपलब्ध. मी ते दोनदा वाचलं. मुंबईहून बोटीने जेट्टीला उतरणाऱ्या गाड्या शनिवार-रविवारी आमच्याकडे कुठे उभ्या राहायच्या हा प्रश्न होताच. कोणाचं वाईट करावं म्हणून कोणी ते लिहिलेलं नव्हतं. जी जागा कोणी वापरत नाही, ती गाड्यांना द्यावी, असं मीसुद्धा लिहिलं असतं.

बातमी अर्ध्या तासात आळीत पोचली. बायका भिंतीपुढे गोळा झाल्या. वाचता येणाऱ्या मोजक्याच होत्या, म्हणून मला वाचून दाखवायला लागलं. काकीने बोटाने तो पांढरा पट्टा चाचपला. मग ती म्हणाली, "तिवरांना कागद हाय, देवलाला कागद हाय. आमी काय भूत हाव?"

"त्या बूटवाल्या बाईनं नीट बघितलंच न्हाय," दुसरी कोणीतरी म्हणाली.

"पोहे तेवढे बघितले," तिसरी म्हणाली, आणि सगळ्या त्या बाईंवर तुटून पडल्या. तिला डोळे नाहीत, तिला समुद्र माहीत नाही, तिला घाटावरून इकडे धाडलंच कशाला. मी तिथेच उभी होते. मी पर्यटकांचा कागद पुन्हा वाचायला लागले. आई माझ्याकडे बघत नव्हती, नकाशाकडे बघत होती. जरा वेळाने तिने मला विचारलं, "माझे बांबू कुठे येतात यात?" मी पांढऱ्या पट्ट्याच्या खालच्या टोकावर बोट ठेवलं. तिने त्या जागेकडे बराच वेळ बघितलं आणि ती घरी गेली. त्या दिवशी ती जेवली नाही. विचारलं तर म्हणाली, भूक न्हाय.

हरकती द्यायला मुदत होती. मी स्वतःला कामाला जुंपून घेतलं. अपराधी माणसाला कामाचा फार आधार असतो. मी शाळेतले पांढरे कार्डशीट आणले, ते जोडून मोठा कागद केला आणि त्यावर बारा महिन्यांचे बारा उभे रकाने आखले. मग रोज संध्याकाळी खळ्यावर बसून बायकांना विचारायला लागले. कार्तिकात या जागेवर काय असतं, माघात काय, आषाढात काय? सुरुवातीला त्या हसायच्या. मग त्यांच्यातच वाद व्हायला लागले. वैशाखात उत्तर टोकाला जवळा असतो की जाळी शिवायला बसतात, यावर दोन संध्याकाळी गेल्या. काकीने मला झापलं, "तू इथंच वाढलीस ना ग मास्तरीनबाई? मग आमाला काय विचारतेस?" मी म्हटलं, "मी इथे वाढले, पण नाक दाबून वाढले." सगळ्या हसल्या. मी विनोद केला असं त्यांना वाटलं.

तो कागद भरत गेला तशी मला माझीच लाज वाटायला लागली. मी ज्या जागेकडे पाठ करून शाळेत जात होते, तिथे प्रत्येक हाताची जागा ठरलेली होती. कोणाच्या वलांडीची सावली कोणाच्या जवळ्यावर पडता कामा नये, म्हणून बांबूंच्या ओळी तिरप्या होत्या. होड्या वर ओढायची वाट मधून मोकळी सोडलेली होती आणि त्या वाटेवर पिढ्यान्‌पिढ्या कोणी टोपलीसुद्धा ठेवत नव्हतं. वाळूच्या उंचवट्यावरचा केवडा कोणी तोडत नव्हतं, कारण तो गेला की उधाणाचं पाणी थेट खळ्यावर येतं हे त्यांना ठाऊक होतं. आराखडा म्हणतात तो याहून वेगळा काय असतो? फक्त इथला कोणी कागदावर काढलेला नव्हता.

हरकतीचा अर्ज लिहून झाल्यावर मी तो घेऊन मोजणीच्या बाईंकडे गेले. त्यांनी मला ओळखलं. पोह्यांची आठवणही काढली. मी जोरात सुरुवात केली की तुमच्या नकाशात चूक आहे. त्यांनी शांतपणे कपाटातून त्या दिवसाचा कागद काढला आणि माझ्यापुढे ठेवला. त्यावर त्यांच्या अक्षरात होतं: स्वच्छ, सारवलेली मोकळी जागा. मासळी, जाळी, होड्या आढळल्या नाहीत.

"यातलं कुठलं खोटं आहे?" त्यांनी विचारलं.

मी तो कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"मॅडम, मी देशावरची. आमच्याकडे खळं म्हणजे धान्य मळायची जागा," त्या म्हणाल्या. "तिथे दाणे नसले तरी मला कळलं असतं. इथलं मला कोणी सांगितलं नाही. मी जे दिसतं ते लिहिते. उद्या कोणी म्हणालं की मी न बघता लिहिलं, तर ते मी मान्य करणार नाही. पण त्या दिवशी जागा रिकामी का होती, हे सुनावणीत कोणी उभं राहून सांगितलं आणि ते नोंदलं गेलं, तर पुन्हा मोजणी मागता येईल. मी स्वतः तसा शेरा देईन."

म्हणजे बारा महिन्यांचा कागद, अर्ज, बायकांच्या सह्या आणि अंगठे, सगळं बरोबर असलं तरी एक वाक्य कमी होतं, आणि ते माझ्याकडे होतं. एसटीने परत येताना मी चडफडत होते. पहिल्यांदा बाईंवर, मग सरपंचांवर, मग कॉलेजातल्या त्या डब्याची चौकशी करणाऱ्या मुलीवर. थळच्या खत कारखान्याची चिमणी दिसेपर्यंत शिव्या द्यायला कोणी उरलं नाही.

सुनावणीच्या दिवशी बायका मासळीच्या टेम्पोतून अलिबागला गेल्या. सकाळचं काम टाकून कोणी येणार नव्हतं, त्यामुळे सगळ्या खळ्यावरून थेट आल्या होत्या. सभागृहात आम्ही शिरलो तसा सुक्या बोंबलाचा वास भरला. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी पंखा वाढवायला सांगितलं. पूर्वी अशा वेळी मी दोन रांगा सोडून बसले असते. त्या दिवशी आई आणि काकी यांच्या मधोमध बसले.

आमच्या गावाचं नाव पुकारलं. मी बारा महिन्यांचा कागद दोन बायकांना उभा धरायला सांगितला आणि तो वाचून दाखवला. वरच्या खुर्चीतल्या अधिकाऱ्यांनी मध्ये मध्ये प्रश्न विचारले. मग ते म्हणाले, "हे सगळं ठीक आहे. पण आमची माणसं पौषात आली होती. तुमच्या कागदाप्रमाणे पौषात जागा भरलेली असते. त्यांना ती रिकामी कशी दिसली?"

मी म्हटलं, "मी रिकामी करायला लावली."

सभागृहात कुजबुज झाली. मी पुढे बोलत राहिले. आमच्याकडे लग्नाला, सणाला खळं उचलून सारवायची रीत आहे, मोजणीला येणारी माणसं पाहुणी म्हणून मी बायकांना तसं करायला सांगितलं, मोजणी करणाऱ्या बाईंची यात काही चूक नाही, त्यांनी दिसलं तेच लिहिलं. माझ्या सांगण्यावरून झालं, असं मी दोनदा म्हटलं, म्हणजे नोंदणाऱ्याच्या हातून सुटायला नको. बाई भिंतीकडेच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्या उठल्या आणि म्हणाल्या की पुन्हा मोजणी व्हावी असं त्यांचंही मत आहे. अधिकाऱ्यांनी तसं लिहून घेतलं. सगळं मिळून शाळेच्या एका तासाहूनही कमी वेळ लागला.

टेम्पोत बसल्यावर मी बोलणी खायच्या तयारीत होते. इतके महिने मी त्या बाईंना शिव्या खाऊ दिल्या होत्या, हे आता सगळ्यांना समजलं होतं. थळ मागे पडल्यावर काकी माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "पावन्यांसाठी केलंस. रीत हाय आपली. जाऊ दे." बाकीच्यांनीही माना डोलवल्या. माफी इतकी स्वस्तात मिळाली की मला ती टोचायला लागली. कारण ते खरं नव्हतं. पाहुणे हे निमित्त होतं. शाळेतली बाई या वासातली आहे हे त्या माणसांना कळू नये, एवढंच मला हवं होतं. आई टेम्पोच्या कडेला, बाहेर बघत बसली होती. तिने मान डोलवली नाही.

फेरमोजणी ऐन हंगामात झाली. या वेळी कोणालाही काही सांगायला लागलं नाही. उलट काकीने माहेरून जादा बांबू आणले होते. मी ते तिला परत ठेवायला लावले. म्हटलं, आहे तेवढंच दाखवायचं, आता उगाच दुसरं नाटक नको. तिला ते पटलं नाही, पण तिने ठेवले.

बाई आल्या. खळ्याच्या तोंडाशीच त्यांनी ओढणी नाकाला लावली. माझी आई पुढे झाली आणि म्हणाली, "नाक झाका बाई, पन डोले उघडे ठेवा." बाईंना हसू आलं. मग आईने त्यांना सगळं खळं फिरवलं. मी मागून बारा महिन्यांचा कागद घेऊन चालत होते, पण माझी गरज कोणाला पडली नाही. जबड्यात जबडा कसा अडकवायचा, ओळी तिरप्या का, होड्यांची वाट कुठली, उधाण कुठवर येतं, केवडा का तोडायचा नाही, हे आईने सांगितलं आणि बाईंनी लिहून घेतलं. वाकून वाकून बाईंचा डोक्याचा रुमाल सुटला. एका ठिकाणी त्यांनी विचारलं, "आजी, पावसाळ्यात मी आले असते तर मला काय दिसलं असतं?"

"होड्या," आई म्हणाली. "आनि आमी घरात. तवा पन जागा आमचीच."

बाईंनी तेही लिहून घेतलं. निघताना पोहे कोणी केले नव्हते. काकीने कागदात बांधून सुके बोंबील दिले. बाई म्हणाल्या, "मी शाकाहारी आहे," आणि तरी त्यांनी पुडी घेतली. त्या पुडीचं पुढे काय झालं ते विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

शेवटचा नकाशा आला तेव्हा मी एकटीच ग्रामपंचायतीत गेले. पांढऱ्या पट्ट्यावर आता तिरप्या रेघा होत्या. कडेला लिहिलं होतं: मासळी सुकवण्याची व होड्या ठेवण्याची जागा, वापर बारमाही. मधून होड्यांची वाट सोडलेली होती. पर्यटकांच्या सोयींच्या कागदावर गाड्यांसाठी रस्त्यापलीकडची पडीक जागा सुचवलेली होती. सगळंच मनासारखं झालेलं नव्हतं. वाळूचा उंचवटा होता त्याहून लहान दाखवला होता आणि त्याची वेगळी हरकत अजून चालू आहे. पण खळं होतं.

मी मोबाइलवर नकाशाचा फोटो काढला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, शाळेला निघण्याआधी, खळ्यावर गेले. आई ओले बोंबील लावत होती. मी तिला फोटो मोठा करून दाखवला आणि खालच्या टोकावर बोट ठेवलं. "हे तुझे बांबू."

तिने हात पदराला पुसले, मोबाइल डोळ्यांजवळ धरला आणि रेघा बघितल्या. "तिरप्या काढल्यात," ती म्हणाली. तिला बरं वाटलेलं दिसत होतं.

मग मी ते बोलून टाकलं. काकी तेव्हा दूर होती. म्हटलं, "आये, सुनावणीत मी पाहुण्यांचं कारण सांगितलं. ते खरं नव्हतं. मला या वासाची लाज वाटत होती. आपण कोण आहोत हे त्या लोकांना दिसू नये म्हणून मी सगळ्यांना उचलायला लावलं."

आईने मोबाइल परत दिला आणि टोपलीतून दोन बोंबील उचलले.

"मना ठाव हाय," ती म्हणाली. "पावन्यांसाठी वलांडी कोन उतरवतं, येडे? तुझी ती मैतरीन आली तवा उतरवली, पनवेलचे आले तवा उतरवली, आनि त्या दिवशी उतरवली. तिनी येला तुझ्यासाठी उतरवली. तू मान खाली घालून उभी ऱ्हायलीस, ता मना बघवत न्हाय."

 तिने हातातल्या बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवले आणि जोडी दोरीवर टाकली.

"आता मातुर सांगू नको," ती म्हणाली. "आता नकाशात हाय. आता तू सांगितलंस तरी मना उतरवता येनार न्हाय."

मी पर्स बांबूला अडकवली आणि तिच्या टोपलीतला उरलेला बोंबील संपेपर्यंत लावत राहिले. मला तिच्यासारखं पटापट जमत नाही, दोन जोड्या खाली पडल्या आणि त्यावरून बोलणीही खाल्ली. त्या दिवशी शाळेला जाताना मी हाताला साबण एकदाच लावला.